जोडीदार : आहे

९ जानेवारी, गुरुवार

अक्का अजून सापडली नाही. आज चोवीस दिवस झाले.

सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या पुन्हा शोधलं. रकान्यात "शिवकन्या" टाकलं, बटण दाबलं. ते चक्र फिरत राहिलं — सोलापूरकडचे कारखाने, मग सातारा, कोल्हापूर, मग कर्नाटकातले — एकेकाच्या कॉम्प्युटरला विचारत विचारत पुढं — आणि शेवटी तेच. "नोंद आढळली नाही."

काय जाळायचंय हे असलं मशीन! चौऱ्याऐंशी कारखाने जोडलेत. आमच्या संस्थेचे सत्यम सर दर मीटिंगला छाती फुगवून सांगतात, "आपल्या जिल्ह्यातला ऊसतोड कामगार कुठल्या का फडात असेना, एका मिनिटात सापडला पाहिजे." सर, माझी सख्खी बहीण सापडत नाही! शिरूर कासारच्या या खुर्चीवर बसून अकरा हजार नोंदी मी माझ्या हातानं भरल्या. बोटं सुजली माझी. आणि मलाच मिळत नाही ती.

दुपारी दाजींचा फोन आलता. रडत होते. तेच तेच सांगतात — सोळा डिसेंबरला पहाटे सगळी टोळी फडात गेली, अक्का म्हणाली मी भाकरी बांधून मागनं येते, आणि आलीच नाही. नऊ वाजता कोपीत, त्यांच्या पाचटाच्या खोपटात, जाऊन बघितलं तर चूल विझलेली, पीठ परातीत तसंच. कर्नाटकातला मुलूख, तिला तिकडची भाषा येत नाही. कुणी नेलं असेल? कुठं पडली असेल? मला पुढचा विचारच करवत नाही.


१० जानेवारी

मायला म्हणलं, चल, ठाण्यात जाऊ, आपण पण इकडून तक्रार देऊ. तर म्हणते, "कावून? जावयानं दिली म्हणतोय ना तिकडं. उगं गावभर व्हायचं." आणि ज्वारी निवडत बसली. निवडत बसली! इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यात एकदा पाणी बघितलं नाही मी. बाबा गेले तेव्हा आठ दिवस अन्नाला शिवली नव्हती ही बाई. आता दोन्ही वेळ जेवते. वर मलाच म्हणते, वाळायलीस, खा.

अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ती ऊस तोडायला गेली म्हणून मी कॉलेजला गेले. हे मायला माहीत नाही का?


१२ जानेवारी, रविवार

आज सुट्टी, तरी ऑफिसात गेले. आणि आज कळलं.

शिवकन्या सापडत नाही, म्हणून सहज "वत्सला" टाकून बघितलं. आढळली नाही. म्हणलं असेल. मग "केसर". नाही. "करिष्मा", "वैष्णवी" — नाही, नाही. मग आमच्या गल्लीतल्या, माझ्या ओळखीच्या दहा बाया, ज्या या घडीला कुठल्या ना कुठल्या फडात मोळ्या बांधतायत, त्यांची नावं एकेक करून टाकली. एकही नाही. अकरा हजार नोंदी, आणि त्यात एक बाई नाही!

मग दाजींची नोंद उघडली. रामहरी, वय ३४, गाव, टोळी क्रमांक, मुकादमाचं नाव धुळाजी, मोबाईल. सगळं आहे. आणि सगळ्यात खाली एक रकाना — "जोडीदार : आहे".

ही अक्का. एवढीच. चौकटीत एक बरोबरची खूण.

आणि हे कुणी केलं? मीच की! अकरा हजार वेळा ही खूण हाताखालनं गेली, आणि अक्काचं नाव शोधताना एकदाही ध्यानात आलं नाही.

गेल्या मे महिन्यात बीडला मीटिंग होती. सत्यम सरांनी फळ्यावर झाड काढलं. म्हणाले, हे नावांचं झाड. बुंध्याला राज्य, फांदीला कारखाना, डहाळीला मुकादम, आणि पान म्हणजे एक नोंद. वरून खाली वाचत आलं की माणूस हाती लागला पाहिजे. मग त्यांनी विचारलं, पान कशाला धरायचं? पुण्याची एक मुलगी म्हणाली, प्रत्येक व्यक्तीला. तेव्हा मी शहाणी उठून उभी राहिले! म्हणलं, सर, आमच्याकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाला किती माणसं विचारलं तर तो गोंधळंल, किती कोयते विचारलं तर झटकन सांगंल. एक कोयता, एक नोंद ठेवा. काम निम्म्यावर येईल.

सगळ्यांनी माना हलवल्या. सर म्हणाले, हे असं मातीतलं ज्ञान पाहिजे मला. मी हवेत! पुण्याच्या त्या मुलीकडं मुद्दाम बघितलं.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती माहेरी आलती तेव्हा. पीठ मळत होती. हसून म्हणाली, "म्हंजी मी त्यात कुठं गं?" मी म्हणलं, तू दाजीत. "बरं," म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

मला आज स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय.


१३ जानेवारी

सरांना फोन केला. म्हणलं, बायांची वेगळी नोंद पाहिजे. ते म्हणाले, "तेजश्री, हंगाम मधोमध आहे. आता सगळं झाड हलवायचं? पुढच्या वर्षी बघू." मग मी सांगितलं, सर, माझी बहीण हरवलीय. मग म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस? दोन दिवस दे."

आधी का नाही सांगितलं — मायनं बजावलं होतं ना, कुणाला सांगू नको म्हणून.


१४ जानेवारी, संक्रांत

दाजी आले परत. बेळगावकडून एसटीनं, दोन दिवसांचा प्रवास करून. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी तिळगूळ दिला तर मुठीत तसाच धरून बसले. म्हणाले, "मुकादमानं काढलं मला, तेजू. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोण ठेवतंय? पोरं हिणवत्यात, अर्धा कोयता आला बघा म्हणून. तिच्याबिगर मी कुठलाच न्हाई."

माझ्याच डोळ्याला धार लागली. आणि माय! सैपाकघरातून बाहेर सुद्धा आली नाही. चहा माझ्याच हाती दिला. जावई उंबऱ्यात बसून रडतोय, आणि ही आत भांडी आपटतीय. नंतर मी म्हणलं, दोन शब्द बोलली असतीस तर काय झिजलं असतं का? म्हणाली, "मला न्हाई येत गोड बोलाया."

दाजी म्हणाले, मी रोज ऑफिसात येतो, तुला कायतर मदत होईल. म्हणलं, या.


१६ जानेवारी

रकाना आला! प्रत्येक बाईला स्वतःचं पान. नाव, वय, गाव, काम, कारखाना, जोडीदार आहे की नाही. नवऱ्याचं नाव सक्तीचं नाही, सरांनी मुद्दाम तसं केलंय. कारखान्यांच्या अड्ड्यांवर, टोळ्या कोप्या टाकून राहतात तिथं, आमची माणसं जाऊन भरणार, आणि आपल्या तालुक्यातल्या मुकादमांना मी फोन करून नावं घ्यायची.

आज सव्वीस फोन झाले. घसा बसला. धुळाजी मुकादम म्हणतो, "बायांची नावं? ताई, मला बाप्यांची नावं ठावं हायत. बायांना आमी अमक्याची बाईल म्हणतो. ईस वर्सं झाली, कुणी न्हाई इचारलं."

म्हणलं, आता मी विचारतेय.

"तुझी बहीण बी मला रामहरीची बाईल म्हणूनच ठावं बघ."

म्हणलं, तिचं नाव शिवकन्या हाय, मुकादम. शिवकन्या.

"बरं बरं, रागावती कावून? लिवून घेतो की."

दाजी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर माझा डबा त्यांच्यापुढं सरकवला. अर्धी भाकरी खाल्ली त्यांनी.


१९ जानेवारी, रविवार

दाजींच्या ओळखीच्या एका टोळीवाल्यानं त्यांना फोटो पाठवला. तिकडं कालव्यात एक बाई सापडली म्हणे. ओळख पटत नाही, मराठी वाटते. दाजींनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू बघ. माझ्यानं न्हाई होत."

मी बघितला.

चेहऱ्यावरनं काही कळत नव्हतं. मी पाय बघितले. अक्काच्या डाव्या पायाचा अंगठा लहानपणी ठेचून वाकडा झालाय. या बाईचा सरळ होता. दोन्ही सरळ होते. मी खाली बसले आणि हसले. देवा, मी हसले! कुणाची तरी बहीण तिथं पडलीय आणि मी हसले. तिचं पण नाव कुठल्या झाडात नसणार. "जोडीदार : आहे" एवढंच असणार.

मायला दाखवला. तिनं फोनकडं बघितलं सुद्धा नाही. "ती न्हाई," म्हणाली. अगं बघ तरी! "कशाला बघू? ती न्हाई ती." मी ओरडले तिच्यावर. शेजारच्या बाया बाहेर आल्या एवढी ओरडले.


२० जानेवारी

काही लिहायचं नाही.


२३ जानेवारी

नावं यायला लागली. कालपर्यंत नऊशे, आज तीनशे बारा. धड नावं येत नाहीत. कुठं "मंदाची आई", कुठं "थोरली". साताऱ्याकडचा आमचा मुलगा सांगत होता, एका बाईनं चार वेळा विचारलं, "कुणाचं? माझं? माझं होय?" आणि मग नाव सांगायच्या आधी पदर नीट केला, जसा काय फोटोच काढायचाय.

एकदा हसू आलं हे ऐकून. लगेच अक्का आठवली. अक्काला असं कुणी विचारलं असेल का? विचारायला ती जिवंत आहे का?

धुळाजीनं पण पाठवली नावं. एकोणीस. सगळी पूर्ण, वयासकट. शेवटी लिहिलंय — "शिवकन्या, बेपत्ता".


२६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, मग ऑफिस. दोन हजार बाया झाल्या. "शिवकन्या" टाकलं — सतरा!

दाजी उठून मागं येऊन उभे राहिले. एकेक नोंद उघडली. धर्मापुरीची शिवकन्या, वय ४०. कड्याची, वय १९. पाटोद्याची. गेवराईची. परळीची. दर वेळी गावाचा रकाना उघडेपर्यंत जीव टांगणीला लागतो, आणि मग दुसरंच गाव. सतरावीपर्यंत मी मोठ्यानं वाचत होते.

दाजींनी खुर्चीला लाथ मारली आणि बाहेर गेले. नंतर येऊन म्हणाले, डोकं फिरलं गं. म्हणलं, माझं पण.

खरं सांगू का, आता मला वाटत नाही सापडेल असं. मी तिला आधीच पुसलं होतं. ती हरवली डिसेंबरात, पण मी तिला मे महिन्यातच काढून टाकलं होतं, टाळ्या घेऊन. आता काय शोधतेय मी? रोज सकाळी उठायचं, तेच नाव टाकायचं, तेच उत्तर वाचायचं. मला हे आणखी किती दिवस जमेल माहीत नाही. रात्रभर झोप नाही, अन्नाला चव नाही. कधीकधी वाटतं त्या कालव्यातल्या फोटोत तीच असती तर निदान संपलं असतं. असलं लिहिते आहे मी! माझ्या बहिणीबद्दल!


२८ जानेवारी

मायशी भांडण. दगड आहेस म्हणलं तिला. म्हणलं, तुझ्या पोटची आहे का नाही ती? तिच्याऐवजी मी हरवले असते तर अशीच ज्वारी निवडली असतीस का?

ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, "जेव."

ताट ढकललं मी.


२९ जानेवारी

दाजी म्हणतात, बायांची कामं बदलत असतील. फडातच शोधू नको, कारखान्याच्या आसपास दुसरं कुठलं काम असंल तिथं बी बघ. बालवाडी, दवाखाना, खानावळ. किती डोकं चालवतात बिचारे. सरांना सांगून ती यादी पण जोडून घेतली.


३१ जानेवारी, शुक्रवार

सापडली! सापडली! सापडली!

अकरा वाजून वीस मिनिटं. "शिवकन्या" टाकलं. बावीस आल्या. एकविसावी — शिवकन्या गहिनीनाथ. गहिनीनाथ म्हणजे आमचे बाबा! वय २९. गाव शिरूर कासार. कऱ्हाडकडचा कारखाना, कामगारांच्या पोरांची बालवाडी, काम स्वयंपाक. खाली — "जोडीदार : नाही".

जिवंत आहे! भाकरी करतेय, पोरांना जेवायला वाढतेय! कुणीतरी तिला नाव विचारलं आणि तिनं सांगितलं. तिनं स्वतः सांगितलं! मी टेबलावर डोकं ठेवून रडले. दाजी माझ्या पाठीवरून वाकून वाचत होते. दोनदा वाचलं त्यांनी. मोठ्यानं. "जोडीदार न्हाई," म्हणाले.

म्हणलं, दाजी, भरणाऱ्यानं चूक केली असेल, ते मी नीट करते. छापील कागद काढून दिला त्यांना. कारखाना, अड्डा, बालवाडीचा फोन नंबर सगळं. म्हणलं, थांबा, चहा सांगते, तोंड गोड करू. थांबलेच नाहीत. साडेअकराची नगरची गाडी धरली त्यांनी. किती घाई!

आता घरी जाते. मायला सांगते. आज तरी रडेल.


३१ जानेवारी, पुन्हा

पळत आले. "सापडली गं माय!" माय उठली नाही. म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

दाजींना, म्हणलं. गाडीत बसले पण.

तिनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "शिवे. निघ तिथनं. आत्ताच. तो यायलाय... तेजीनं दिला पत्ता... न्हाई, तिला ठावं न्हवतं. रडू नको. बालवाडीच्या बाईंना सांग, त्यानं कोयत्याच्या मुठीनं दोनदा माझं डोकं फोडलंय म्हणून. त्या लावतील दुसरीकडं कामाला."

पलीकडून अक्काचा आवाज येत होता. मला ऐकू येत होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? सेहेचाळीस दिवस, माय! तर म्हणाली, "रोज तुझ्याच उशाला बसला होता की त्यो. आन् तू लिवणारी. तुझ्या हातनं लिवलं गेलं असतं."

मग फोन माझ्या हातात दिला. "त्यो नंबर पूस."

पुसला. मायला एक अक्षर वाचता येत नाही. दहाच्या दहा आकडे तिनं न चुकता दाबले होते.